फक्त कवितेवर 48 वर्षं: जळगावची 'काव्यरत्नावली' आणि 1907 चं कविसंमेलन

मराठीत फक्त कवितेचं मासिक काढणं हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे, हे आजही कुणाला पटवून द्यावं लागत नाही. नारायण नरसिंह फडणीस यांनी 1887 साली असं मासिक काढलं, तेही पुण्या-मुंबईत नव्हे तर जळगावात. नाव 'काव्यरत्नावली'. त्यात गोष्टी नाहीत, निबंध नाहीत, राजकारण नाही. कविता आणि फक्त कविता. मासिक 1935 पर्यंत चाललं. नव्याचे नऊ दिवस संपल्यावर बंद पडलेल्या मराठी नियतकालिकांची यादी करायला बसलो तर वह्या संपतील. त्या यादीशेजारी ही 48 वर्षं ठेवली की विचार करावासा वाटतो: हे चाललं कसं? आणि एवढं चालूनही आज त्याचं नाव बहुतेक वेळा केशवसुतांच्या किंवा बालकवींच्या चरित्रातल्या एखाद्या ओळीपुरतंच का येतं?

या प्रकरणात मला एवढंच दाखवायचं आहे की फडणीसांनी मासिक चालवलं त्याहून जास्त एक मंडळी सांभाळली. कवितेच्या मासिकाचा वर्गणीदार आणि त्याचा लेखक बहुतेक वेळा एकच माणूस असतो. आज एखाद्या छोट्या काव्यविषयक अनियतकालिकाचा संपादक हेच सांगेल, थोडं कुरकुरत सांगेल. फडणीसांनी त्या वस्तुस्थितीबद्दल कुरकुर केली नाही, तिच्यावरच मासिक उभं केलं. आणि 1907 मध्ये त्या मंडळींना एका ठिकाणी बसायला सतरंजी घातली.

जिवंत कवींची सोय

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिकलेल्या मराठी माणसाची कवितेशी ओळख व्हायची ती शाळेत, परशुरामपंत गोडबोल्यांच्या 'नवनीता'तून. ते 1854 साली निघालं. त्यात मोरोपंत होते, वामन होते, मुक्तेश्वर होते. म्हणजे कविता ही होऊन गेलेल्यांची गोष्ट. पुढे 1878 मध्ये पुण्यात 'काव्येतिहाससंग्रह' सुरू झालं. काशिनाथ नारायण साने आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासारख्या माणसांनी जुन्या कविता आणि बखरी बाडांतून बाहेर काढून छापल्या. 1890 पासून निर्णयसागरनं 'काव्यसंग्रह' काढला, तोही प्राचीन कवितेचाच. हे काम थोर होतं यात शंका नाही. पण नव्यानं कविता लिहिणाऱ्या पोरानं जायचं कुठे?

'काव्यरत्नावली'ची जागा ही होती. फडणीसांनी हयात कवींना दार उघडून दिलं. 1890 मध्ये हरिभाऊ आपट्यांचं 'करमणूक' आणि 1895 मध्ये काशिनाथ रघुनाथ मित्रांचं 'मनोरंजन' आलं, तिथेही कविता छापली जायची. पण तिथे कविता पाहुणी होती. कादंबरीचं प्रकरण संपल्यावर पान उरलं की तिला जागा. जळगावच्या मासिकात ती घरची मालकीण होती. आठ ओळींची असो की खंडकाव्य असो, पान तिच्यासाठीच कापलेलं असायचं.

याचा दुसरा परिणामही झाला आणि तो लपवण्यात अर्थ नाही. दर महिन्याला अंक भरायचा म्हणजे उत्तम कविता येईपर्यंत थांबून चालत नाही. त्यामुळे केशवसुतांच्या शेजारी आज कुणालाही नाव न आठवणारे कवी बसले. जुन्या वळणाचे श्लोक, आर्या, साक्या-दिंड्या आणि नव्या वळणाची आत्मपर कविता एकाच बांधणीत आली. पुढच्या टीकाकारांनी हे निवडीचं ढिसाळपण मानलं तर ते समजण्यासारखं आहे. मला मात्र वाटतं, कडक निवड केली असती तर मासिक दोन वर्षांत आटोपलं असतं. ज्याची कविता परत गेली त्याची वर्गणीही परत गेली, हा हिशेब कवितेच्या धंद्यात फार जुना आहे. आणि 1890 च्या दशकातल्या 'जाणकार' निवडीत केशवसुत टिकले असते याची तरी खात्री कोण देणार? त्यांच्या समकालीनांना ते दुर्बोध, उर्मट आणि वृत्ताशी खेळणारे वाटत होतेच.

जळगावच का

आजच्या वाचकाला जळगाव म्हटलं की केळी आणि सोनं आठवतं. त्या काळी आठवायचा कापूस. गावात जिनिंगच्या गिरण्या होत्या, खानदेश मिल होती, आणि मुंबईहून भुसावळकडे जाणारी जी.आय.पी. रेल्वेची मुख्य लाइन गावातून जात होती. पुढे तापी खोऱ्यातून सुरतेकडे जाणारा फाटाही इथे येऊन मिळाला. 1906 मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगाव पूर्व खानदेशचं मुख्य ठाणं बनलं. कचेऱ्या आल्या, वकील आले, मास्तर आले. थोडक्यात, गावात पैसा होता, रेल्वे होती आणि वाचता येणारी नोकरदार माणसं होती.

मासिकाला खरा आधार मात्र टपालाचा. पोस्टकार्ड 1879 पासून पाव आण्याला मिळत होतं. 1877 पासून व्ही.पी.ची सोय झाली होती: अंक पोस्टमननं द्यायचा आणि वर्गणी त्यानंच वसूल करून आणायची. जुन्या मासिकांची वेष्टणं ज्यानं चाळली आहेत त्याला 'आगाऊ' आणि 'मागाहून' असे वर्गणीचे दोन दर, 'ट. ख. सह' (म्हणजे टपालखर्चासह) ही पुस्ती आणि थकबाकीदारांना केलेल्या विनवण्या पाठ असतात. संपादक काव्यावर काही म्हणत असेल नसेल, थकलेल्या वर्गणीवर मात्र भरभरून लिहितो. व्ही.पी. ही त्या रडगाण्यावर निघालेली तोड होती. कोकणातल्या शाळामास्तराची कविता पोस्टानं जळगावला यायची, छापून पोस्टानंच वऱ्हाडातल्या कारकुनाच्या हातात पडायची. संपादक पुण्यात बसला काय, जळगावात बसला काय, पोस्टखात्याला फरक पडत नव्हता. साहित्यातल्या अड्ड्यांना मात्र पडत होता. पुण्यातल्या संपादकाकडे रोज संध्याकाळी कुणीतरी यायचं आणि कुणाची तरी शिफारस करायचं. जळगावात ती कटकट कमी.

अर्थात घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं यातून सुटलं नसणार. 48 वर्षं कवितेचं मासिक हौसेवाचून चालत नाही, आणि हौस पदरमोडीवाचून चालत नाही.

केशवसुत: पुस्तकाआधीचा कवी

कृष्णाजी केशव दामले, म्हणजे केशवसुत, 7 नोव्हेंबर 1905 रोजी हुबळीला प्लेगनं वारले. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. हरिभाऊ आपट्यांनी 'केशवसुतांची कविता' प्रसिद्ध केली ती 1917 मध्ये. म्हणजे मृत्यूनंतर बारा वर्षं गेली. 'तुतारी'च्या खाली 28 मार्च 1893 अशी तारीख आहे. ती लिहिली गेल्यापासून ती ज्या पुस्तकात आपण वाचतो ते निघेपर्यंत 24 वर्षं गेली.

या मधल्या काळात केशवसुत होते कुठे? नियतकालिकांत. 'करमणूक', 'मनोरंजन', 'काव्यरत्नावली' यांच्या सुट्या अंकांत. ज्या पुढच्या पिढीवर त्यांचा प्रभाव पडला असं आपण परीक्षेत लिहितो, त्या पिढीनं केशवसुत एकत्र, अनुक्रमानं, प्रस्तावनेसह वाचलेच नव्हते. कुणाला 'झपूर्झा' मिळाली असेल, कुणाला दुसरीच एखादी, आणि तिच्या मागच्या पानावर भलत्याच कवीची गणेशस्तुती. हे लक्षात घेतलं की बालकवी, गोविंदाग्रज, रेंदाळकर यांच्या कवितेत केशवसुत तुकड्यातुकड्यांनी का उतरतात ते जरा कळतं.

केशवसुतांचा खानदेशाशी प्रत्यक्ष संबंधही होता. 1898 पासून काही वर्षं ते भडगाव आणि मग फैजपूर इथल्या शाळांत होते. तिथून 1904 मध्ये धारवाडला गेले. दोन्ही गावं जळगावच्याच टापूतली. याच परिसरात विनायक जनार्दन करंदीकर होते, 'विनायक' या नावानं वीरस्त्रियांवर आणि इतिहासावर कविता लिहिणारे. ते 1872 साली धुळ्याला जन्मले आणि 1909 मध्ये गेले. याच जिल्ह्यातल्या धरणगावला 1890 मध्ये त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे पुढचा 'बालकवी', जन्मला. मराठी आधुनिक कवितेचा नकाशा काढताना आपण बोट आधी मुंबईवर ठेवतो, मग पुण्यावर. निदान 1895 ते 1910 या काळासाठी ते तापीच्या काठानं फिरवून पाहायला हरकत नाही.

सतरंजी

मराठी ग्रंथकारांची संमेलनं 1878 पासून अधूनमधून भरत होती. 27 मे 1906 रोजी पुण्यात, मळेकर वाड्यात, महाराष्ट्र साहित्य परिषदेची स्थापना झाली. पण ही ग्रंथकारांची बैठक. तिथे व्याकरण, परिभाषा, इतिहास, कोश यांना मान होता. ज्याच्या नावावर ग्रंथच नाही, चार मासिकांत विखुरलेल्या वीस कविता आहेत, त्यानं तिथे कुठल्या तोंडानं बसावं?

1907 मध्ये फडणीसांच्या पुढाकारानं जळगावात महाराष्ट्रातलं पहिलं कविसंमेलन भरलं. या घटनेकडे आपण बहुतेक वेळा फक्त 'बालकवी ही पदवी तिथे मिळाली' एवढ्याच खिडकीतून बघतो. जरा मागे सरकून बघू या.

अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे गृहस्थ स्वतंत्र लेखाचा विषय आहेत. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल, वनस्पतिशास्त्रज्ञ. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मुंबईतल्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. भारतीय औषधी वनस्पतींवरचा कीर्तिकर-बसू यांचा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, 1918 मध्ये आला आणि आयुर्वेदाच्या कॉलेजांतून आजही उघडला जातो. हाच माणूस कवीही होता. टेनिसनच्या 'द प्रिन्सेस'वरून त्यांनी 1884 मध्ये 'इंदिरा' हे काव्य रचलं. मूळ काव्याचा विषय स्त्रियांचं विद्यापीठ. म्हणजे पुण्यात मुलींची शाळा चालवण्यावरून वाद पेटत असताना एक लष्करी डॉक्टर मराठी श्लोकांत स्त्रीशिक्षणाची गोष्ट सांगत होता. काव्य म्हणून 'इंदिरा' आज वाचायला जड जाते, हे कबूल. पण अध्यक्ष निवडताना फडणीसांच्या मंडळींनी शास्त्री-पंडित शोधला नाही, ही गोष्ट मला बोलकी वाटते.

आणि समोर धरणगावचा ठोंबरे. सोळा-सतरा वर्षांचा, शाळेतला मुलगा. त्यानं उभं राहून आपली कविता म्हटली आणि बैठक त्याच्याकडे बघत राहिली. कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. पुढे त्र्यंबक बापूजी हे नाव चरित्रकोशापुरतं उरलं आणि 'औदुंबर', 'फुलराणी', 'निर्झरास', 'श्रावणमास' लिहिणारा माणूस आयुष्यभर आणि आयुष्यानंतरही 'बाल'च राहिला. पदवी कशी चिकटते त्याचा हा नमुना आहे. 'औदुंबर'सारखी आठ ओळींची गूढ कविता लिहिणाऱ्याला बाल कसलं म्हणायचं, असं कुणालाही वाटेल. पण आता इलाज नाही.

पोस्टानं ही दाद मिळाली नसती. मासिकात कविता छापून आल्यावर काय होतं? महिना जातो, एखादं पोस्टकार्ड येतं, किंवा येतही नाही. इथे कडवं संपता संपता समोरच्यांची मान हलली. आणि ज्यांची मान हलली ते स्वतः कवी होते, एकमेकांना नावानं ओळखणारे, तोंडानं न ओळखणारे. नावं तरी कसली: टोपणनावं. 'विनायक', 'माधवानुज'. माधवानुज म्हणजे डॉ. काशिनाथ हरी मोडक हे संमेलनात गाठ पडल्याशिवाय कळायचं कसं? मासिकानं वीस वर्षं टोपणनावांची वस्ती वसवली होती. संमेलनानं त्यांना चेहरे दिले.

या ओळखींतून पुढे काय झालं याचं एकच उदाहरण पुरे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा आणि ठोंबऱ्यांचा स्नेह या काळात जुळला आणि पोरगा पुढे नगरला टिळकांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रां'त या ठोंबऱ्यांच्या लहरींचं, रुसव्यांचं आणि खोड्यांचं जे वर्णन केलंय ते बालकवींवरच्या बहुतेक समीक्षेपेक्षा जास्त सांगतं. एका ख्रिस्ती झालेल्या कवीच्या घरात एक ब्राह्मणाचा मुलगा येऊन राहतो, ही त्या काळात किरकोळ गोष्ट नव्हती.

सरकारचं लक्ष

कवितेचं मासिक म्हणजे निरुपद्रवी, असं समजायचं कारण नाही. जून 1909 मध्ये नाशिकच्या बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, मालमत्ता जप्तीसह. गुन्हा काय, तर 'लघु अभिनव भारतमाला' या पुस्तिकेतल्या कविता छापून प्रसिद्ध करणं. पुराणातल्या देवदैत्यांच्या लढाया आणि शिवाजीच्या गोष्टी यांच्या आडून राजद्रोह केला आहे, असा अर्थ कोर्टानं लावला. नाशिक जळगावहून त्याच रेल्वेवर, काही तासांच्या अंतरावर. 1910 चा प्रेस अॅक्ट आला तेव्हा नव्या छापखान्याकडून 500 ते 2000 रुपयांचा जामीन मागण्याचा अधिकार सरकारला मिळाला. जिथे एकेका वर्गणीसाठी व्ही.पी. सोडावी लागते तिथे हा आकडा काय धसका देत असेल, ते सांगायला नको. अशा हवेत इतिहासावरच्या, वीरांवरच्या कविता छापत राहणं हेच पुरेसं धाडस होतं. आणि सरकारी शाळेतल्या मास्तरानं टोपणनाव का घ्यावं, याचं निम्मं उत्तर विनयात असेल तर निम्मं इथे आहे.

आसोद्याची मुलगी

या प्रकरणातला सगळ्यात अडचणीचा भाग आता येतो. बहिणाबाई चौधरी 1880 साली आसोदे गावी जन्मल्या. आसोदे जळगावपासून इतकं जवळ की बैलगाडीनं सकाळी निघून बाजार करून दुपारपर्यंत परत यावं. लग्न होऊन त्या जळगावातच नांदल्या. 'काव्यरत्नावली' सुरू झालं तेव्हा त्या सात वर्षांच्या होत्या. बंद पडलं तेव्हा पंचावन्नच्या. म्हणजे मासिकाचं सगळं आयुष्य त्यांच्या आयुष्यात, त्याच गावात मावतं. घरोटीवर दळताना, शेतात, मळणीला त्या ओव्या जुळवत होत्या. अक्षरओळख नव्हती. त्यांची एक ओळही त्या मासिकात येण्याचा संभव नव्हता. मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकानं जे उतरून घेतलं त्याचं पुस्तक 1952 मध्ये निघालं, बहिणाबाई गेल्यावर वर्षभरात. योगायोग असा की सोपानदेवांचा जन्म 1907 चा, संमेलनाच्याच वर्षाचा, आणि ते पुढे स्वतः कवी म्हणून नावारूपाला आले.

यात फडणीसांना दोष देण्यात हशील नाही. 1901 च्या जनगणनेत हिंदुस्थानात लिहितावाचता येणारे शंभरात पाच-सहा होते आणि बायकांत शंभरात एकही पुरती भरत नव्हती. लक्ष्मीबाई टिळक लग्नानंतर अक्षरं शिकल्या म्हणून कविता लिहू शकल्या आणि त्यांचं नाव छापलं गेलं. एवढाच फरक. पण फडणीसांनी कवींची जी मंडळी जमवली तिची वेस कुठे होती, ते यावरून दिसतं: ज्याला पोस्टकार्ड लिहिता येतं तो कवी. ज्या टपालानं कोकणातल्या मास्तराला जळगावशी जोडलं, त्यानंच आसोद्याच्या रस्त्याला वगळलं. आणि भाषेचाही प्रश्न होताच. खानदेशातल्या मासिकात खानदेशी बोली कवितेची भाषा म्हणून आली असती का? त्या काळच्या छापील कवितेची भाषा पाहिली तर उत्तर नकाराकडे झुकतं. विनायक घ्या किंवा ठोंबरे, घराबाहेर पडताना सगळे पुण्याची पगडी चढवूनच पडत.

उतार

बालकवी 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून गेले. सत्तावीस वर्षांचे होते. भादली हे जळगावहून भुसावळकडे जाताना पहिलंच स्टेशन. पुढच्याच वर्षी, 1919 मध्ये, गडकरी गेले आणि टिळकही गेले. मासिकाच्या मंडळींतली ऐन उमेदीची पिढी अशी वर्ष-दीड वर्षात ओसरली. महायुद्धानं कागद महाग केला होता तो वेगळाच.

1923 मध्ये पुण्यात रविकिरण मंडळ जमलं: माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, घाटे, दिवाकर, माडखोलकर. रविवारी चहाला जमायचं, एकमेकांच्या कविता ऐकायच्या आणि मग स्वतःच पुस्तक काढायचं. पहिलं 'किरण' त्याच वर्षी आलं. मंडळींत शिरण्यासाठी त्यांना मासिकाची गरज उरली नव्हती. मंडळी चहाच्या टेबलाभोवतीच होती. आणि कवितेला श्रोता मिळू लागला होता तो सभागृहात. यशवंत-गिरीशांच्या काव्यगायनाला गावोगाव गर्दी व्हायला लागली. समोर बसलेल्यांची मान हलताना पाहण्याची जी चटक जळगावच्या बैठकीत लागली होती, ती आता तिकिटावर निघाली. ज्यांनी पहिलं कविसंमेलन भरवलं त्यांच्याच मासिकाला त्या वाटेनं ओहोटी लागावी, यात मला फारसा अन्याय वाटत नाही. छापील महिन्याची वाट बघण्याचं कारणच संपलं होतं.

शिवाय नवी मासिकं आली. 1920 मध्ये 'किर्लोस्कर खबर' म्हणून निघालेलं 'किर्लोस्कर', 1926 चं 'रत्नाकर'. चांगला कागद, चित्रं, जाहिराती, आणि कवीला मानधन मिळण्याची निदान शक्यता. 1935 मध्ये 'काव्यरत्नावली' थांबलं. त्याच वर्षी 'मनोरंजन'ही थांबलं. एक कवितेचं, एक सगळ्याचं. दोन्ही एका पिढीसोबत गेली.

बाइंडरनं काय फाडलं

आता दुर्मिळपणाबद्दल. जुन्या ग्रंथालयांत एकोणिसाव्या शतकातली मासिकं सापडतात ती बांधीव खंडांत. बाइंडर काय करायचा? बारा अंक एकावर एक रचायचा, पुढची-मागची रंगीत वेष्टणं फाडून टाकायचा, कडा मशीनवर कापायचा आणि पुठ्ठा चढवायचा. पानांवरचे आकडे वर्षभर सलग चालत असल्यानं खंड पुस्तकासारखा दिसायचा, वाचकही खूश आणि ग्रंथपालही. पण वर्गणीची पोच, नव्या वर्गणीदारांची नावं, थकबाकीची विनवणी, कुठल्या अंकाला उशीर का झाला याचा खुलासा, हे सगळं वेष्टणावर छापायची पद्धत होती. ते गेलं. अंक नेमका कुठल्या महिन्याचा, हेही कधी कधी त्याच वेष्टणासोबत गेलं. कडा कापताना पेन्सिलीनं लिहिलेली वाचकाची टिपणंही गेली. बाइंडरनं कविता सांभाळली आणि मंडळी केराच्या टोपलीत टाकली.

या मासिकाचा अभ्यास आजवर कवितांच्या अंगानं झाला, माणसांच्या अंगानं नाही, याचं एक कारण हे आहे. म्हणून ज्यांच्या घरी, शाळेच्या कपाटात किंवा गावच्या वाचनालयात याचे सुटे, न बांधलेले अंक असतील, त्यांनी ते 'फुटके' समजून बांधायला देऊ नयेत. वेष्टणासकट एक सुटा अंक अभ्यासकाला दहा देखण्या खंडांपेक्षा जास्त उपयोगी आहे. स्कॅन करताना वेष्टण आधी, आतली पानं नंतर, आणि कडेची अर्धी फाटलेली पट्टीसुद्धा. 'हे काय, जाहिरातच आहे' म्हणून सोडलेलं पानच पुढे तारीख ठरवायला लागतं.

दुसरं काम सूचीचं. कवींच्या नावाची सूची करून भागणार नाही, कारण टोपणनावं आहेत आणि एकाच टोपणनावाचे दोन कवीही असू शकतात. पहिल्या ओळीची सूची हवी. ती झाली की केशवसुतांच्या मासिकातल्या पाठाशेजारी 1917 च्या पुस्तकातला पाठ ठेवता येईल आणि आपट्यांच्या संपादनात काय बदललं, काय सुटलं हे ओळीओळीनं बघता येईल. विनायकांच्या कवितांबाबतही तेच. संशोधकांना हे काम कंटाळवाणं वाटतं, पीएच.डी.साठी पुरेसं 'सैद्धांतिक' वाटत नाही. एम.ए.च्या चार मुलांना एकेका वर्षाचा खंड वाटून दिला तर दोन सत्रांत निम्मी सूची उभी राहील; कागद तोवर तुकडे होऊन पडला नाही तर.